मोटारसायकलला स्वस्त ऑईल चालते काय?

गटऑफिससमोर सभासद मंडळी जमली की ऊसनोंदीच्या जोडीने मोटारसायकलच्या ऑईलचाही विषय निघतो. "कंपनीचंच कशाला पाहिजे? बाजारात निम्म्या किमतीत मिळतंय की!" असे म्हणणारे पुष्कळ असतात. खर्च वाचवू पाहण्यात गैर काही नाही. म्हणूनच याचा खुलासा येथे करीत आहोत.

पूर्वीच्या राजदूत, चेतक या टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोलमध्ये घातलेले ऑईल पेट्रोलबरोबर जळून जाई. गिअरबॉक्सचे ऑईल निराळे असे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, आणि पुढे फोर-स्ट्रोक गाडी घरोघर झाली. या गाडीत सारा भार साधारण लिटरभर ऑईलवर असतो. तेच पिस्टनला, तेच गिअरला, आणि बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचप्लेटाही त्यातच भिजलेल्या. खरी गोम इथेच आहे. मोटारीच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. मोटारीला ती चांगली, पण मोटारसायकलचा क्लच त्याने घसरू लागतो. मागे दुधाचे कॅन बांधून चढ चढताना इंजिन नुसते ओरडते आणि गाडी काही पुढे सरकत नाही.

यासाठी जपानमध्ये १९९८ साली 'जासो' हे मानक ठरले. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' अशी खूण असली की ते ऑईल भिजलेल्या क्लचला चालते. 'एमबी' हे मुख्यतः बिनगिअरच्या स्कूटरसाठी. घरात ट्रॅक्टरचा डबा आहे, त्यातलेच ओतले, असे काहीजण करतात. '१५ डब्ल्यू ४०' हा आकडा फक्त पातळ-घट्टपणा सांगतो, क्लचचे काही सांगत नाही. आकडा जुळला म्हणून ऑईल जुळले असे समजू नये.

तेव्हा आमचे मत असे की, स्वस्त पण सीलबंद, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याचे व प्रतीचे, जासो एमए खुणेचे साधे मिनरल ऑईल शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाडीला खुशाल वापरावे. पुस्तिकेत सांगितले नसेल तर महागड्या सिंथेटिकच्या मागे लागण्याचे कारण नाही. महाग ऑईल घालून वर्षभर न बघण्यापेक्षा साधे ऑईल वेळेवर बदललेले केव्हाही बरे. आपल्या गाड्या पाणंदीच्या धुळीतून फिरतात, तेव्हा थोडे आधीच बदलावे, एअर फिल्टरही साफ ठेवावा. मध्ये पातळी तपासत जावे; लिटरातले पावशेर कमी झाले तरी ते थोडेथोडके नव्हे.

सुटे ऑईल मात्र फुकट दिले तरी नको! जुने काळे ऑईल गाळून, रंग उजळून विकले जाते. त्यातली मूळची द्रव्ये संपलेली असतात आणि गाळूनही बारीक कीस राहू शकतो. शे-दीडशे रुपये वाचवायचे आणि बोअर-पिस्टनचे काम काढून बसायचे, हा कुठला हिशेब?

ऑईल आपल्या समोर, सील फोडून ओतून घ्यावे. काढलेले ऑईल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये, गॅरेजवाल्याकडेच जमा करावे. रिकामा डबा मात्र तेथे तसाच सोडू नये. त्यात पुन्हा काय भरले जाईल याचा नेम नाही. तो कापूनच टाकावा.