‘तिथलं क्राउड कसं आहे?’

महाराष्ट्रात दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा १९७५ मध्ये झाली. जुनी अकरावीची मॅट्रिक गेली आणि कॉलेज निवडायचं वय एका वर्षाने खाली आलं. पुढची दोन किंवा पाच वर्षं आपण कोणाबरोबर काढणार, हे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींनी ऐन पावसाळ्यात आठ दिवसांत ठरवायचं. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. या पन्नास वर्षांत फॉर्म बदलले, याद्या बदलल्या, फी बदलली. निकाल लागल्यावर घराघरांत विचारला जाणारा एक प्रश्न मात्र जसाच्या तसा राहिला : तिथलं क्राउड कसं आहे?

या काळातला बराचसा भाग मी कॉलेजात मराठी शिकवण्यात घालवला आणि प्रवेशाच्या दिवसांत टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसले. हा प्रश्न मला कधीच उथळ वाटला नाही. आपल्याला इथे मैत्रिणी मिळतील का, आपल्या बोलण्याला कोणी हसेल का, डबा खायला बसायचं कुठे, या धास्तीतून तो येतो. त्या वयात ही धास्ती अभ्यासापेक्षा मोठी असते. अडचण आहे ती प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तराची. उत्तर म्हणून बहुतेक वेळा एक शिक्का पुढे केला जातो, आणि त्या शिक्क्यामुळे किती मुलं फॉर्म भरण्याआधीच गळतात याची नोंद कुठल्याही यादीत होत नाही.

हे शिक्के काही हवेतून पडलेले नाहीत. मुंबईचं विल्सन १८३२चं, स्कॉटिश मिशनऱ्यांचं. सेंट झेवियर्स १८६९चं, जेझुइट पाद्रींचं. पुण्यात टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये फर्ग्युसन काढलं. १९१६ मध्ये निघालेलं न्यू पूना कॉलेज पुढे सर परशुरामभाऊ म्हणजे आपलं एसपी झालं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद उभं केलं, ते ज्यांना इतर दारं बंद होती त्यांच्यासाठी. कर्मवीरांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि ‘कमवा आणि शिका’ ही तिथली रीतच केली. संस्था कोणी काढली आणि कोणासाठी काढली, यावरून पहिली काही वर्षं तिथे कोण येणार हे ठरलं. पुढे माणसं बदलली, वस्त्या बदलल्या. शिक्का तेवढा राहिला.

एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. एसपी आणि माटुंग्याचं रुइया ही दोन्ही शिक्षण प्रसारक मंडळीचीच कॉलेजं. रुइया १९३७चं. संस्था एक, शिक्षणाबद्दलची धारणा एक, तरी दोघांची ख्याती वेगवेगळी झाली. एकाच्या भोवती टिळक रोड आणि पेठा, दुसऱ्याच्या भोवती माटुंगा-दादरची मराठी, तमिळ, गुजराती वस्ती आणि दोन्ही लाइनींच्या लोकल. कॉलेजचा स्वभाव म्हणून आपण जे सांगतो, त्यातला निम्मा भाग आजूबाजूच्या चार रस्त्यांचा असतो.

ऐंशीच्या दशकात फॉर्म आणायला स्वतः जावं लागे. रांग लागे. फळ्यावर यादी लागली की आई-बाप आणि पोरं मान वर करून नाव शोधत. या सगळ्यात वेळ जाई, चप्पल झिजे, पण त्या दोन-तीन तासांत कॉलेज डोळ्यांखालून जाई. शिपाई कसा बोलतो, जिन्यावर कोण बसलंय, फळ्यावर कुठल्या मंडळाच्या सूचना आहेत, हे न विचारता कळे. रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी मुलीशी बोलणं होई आणि कधी कधी तीच पुढे पाच वर्षांची मैत्रीण होई.

कॉलेजची ओळख तेव्हा बरीचशी नाटकावरून ठरे. पुण्यात १९६३ पासून सुरू असलेल्या पुरुषोत्तम करंडकात कोणाची एकांकिका आली, यावर कॉलेजचं नाव चढे-उतरे. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ची. एसपीचा कट्टा तिने इतका घराघरांत नेला की पुण्याबाहेरची पोरं तो कट्टा बघायला म्हणून यायची. २०१३ मध्ये सिनेमा आला आणि तेच पुन्हा झालं. मुंबईत १९७९ पासून झेवियर्सचा मल्हार महोत्सव होताच. त्यात २००८च्या ‘जाने तू या जाने ना’ने त्या दगडी इमारतीत कोण शिकतं याचं एक चकचकीत चित्र देशभर पोहोचवलं. चित्र सुंदर होतं. त्याच इमारतीत वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलं त्या चित्रात नव्हती.

गॅदरिंगमधला फिशपॉन्ड ज्यांनी अनुभवलाय त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. पेटीत निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि भर सभेत त्या वाचायच्या. बहुतेक चिठ्ठ्या गमतीच्याच असत. पण ‘काकूबाई’, ‘घाटी’, ‘मराठी मीडियम’ असे शब्द तिथूनच चिकटत आणि वर्षभर सुटत नसत. एका वर्षी एका चिठ्ठीत गावाकडून आलेल्या मुलीच्या तेल लावलेल्या वेणीवर दोन ओळी होत्या. सभागृह हसलं. ती मुलगीही हसली, टाळ्याही वाजवल्या तिने. दुसऱ्या वर्षाला ती आमच्याकडे नव्हती. दाखला नेताना कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ असं लिहिलेलं होतं.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि शिक्क्यांची एक नवी जात जन्माला आली : ‘डोनेशनवाला’. त्याआधी कॉलेजवरून पोराची भाषा किंवा पेठ ओळखत, आता बापाचा खिसा ओळखू लागले. कर्ज काढून, शेत गहाण ठेवून पोराला तिथे घातलेल्या बापाच्या मुलालाही तोच शब्द ऐकावा लागला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थी निवडणुका थांबल्या. हिंसाचार झाला होता, १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता. निर्णयामागची भीती खरी होती. पण जीएसच्या निवडणुकीत मतं मागायला का होईना, शहरी पोरगा वसतिगृहाच्या खोल्यांपर्यंत जात असे. ते जाणं बंद झालं. २०१६च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा आली, २०१९ मध्ये होऊ घातलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. मधल्या काळात कॉलेजातली सगळी सार्वजनिक हालचाल फेस्ट आणि ‘डेज’ यांच्याकडे गेली. साडी डे, रोझ डे, ट्रॅडिशनल डे. पैसे असलेल्यांना ते सोपं गेलं. रॅगिंगविरोधी कायदा राज्याने १९९९ मध्ये केला आणि त्याने खूप काही थांबवलं, हेही सांगितलं पाहिजे. मात्र कायदा त्रासाला हात घालतो. वर्षभर कोणी शेजारी बसायला बोलावलं नाही, याची तक्रार कुठल्या समितीकडे करणार?

मग आले बोर्डांचे शिक्के. २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र, २००९ मध्ये एसएससीच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागा, दोन्ही उच्च न्यायालयात टिकली नाहीत. २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं. पालक आकडेमोडीत गुंतले होते, वर्गात मात्र ‘सीबीएसईवाले’ आणि ‘एसएससीवाले’ असे बाक वेगळे झाले होते. मुंबईत २००९ मध्ये अकरावीचा प्रवेश ऑनलाइन झाला. रांगा गेल्या, वशिला बराच कमी झाला, याचं मला मनापासून समाधान आहे. पण कॉलेज न बघताच पसंतीक्रम भरायची सवयही तेव्हापासूनच लागली. गेल्या वर्षीचा कटऑफ हाच कॉलेजचा स्वभाव मानला जाऊ लागला. नव्वदच्या वर बंद झालं म्हणजे ‘क्राउड चांगलं’. २०१६ पासून एनआयआरएफची क्रमवारीही हाताशी आली, आणि आता रील्स आहेत. तीस सेकंदांत कॅन्टीन, कपडे, फेस्टचा स्टेज. विज्ञान शाखेत तर ‘इंटिग्रेटेड’ने प्रश्नच निकालात काढलाय. प्रवेश एका कॉलेजात, दिवसभर क्लासमध्ये, कॉलेज फक्त प्रॅक्टिकलपुरतं. सतराव्या वर्षी इतर घरांतल्या, इतर गावांतल्या मुलांबरोबर उगाच वेळ घालवायला मिळणं हा शिक्षणाचाच भाग आहे असं मी मानते, आणि तो या मुलांकडून काढून घेतला जातोय.

मोठ्या नावांच्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमधली काही टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखली गेली. काही विद्यार्थ्यांनी विरोध केला, एकाला १० हजार रुपये दंड झाला. क्रमवारीत ही संस्था कितवी, हे आपल्याला तोंडपाठ असतं. तिथे कोण कोणाबरोबर जेवतं, हे मात्र बातमी झाल्यावरच कळतं.

शेजाऱ्यांची भाची बार्शीहून आली होती. दहावीला उत्तम गुण, आर्ट्सच घ्यायचं हे पक्कं. शहरातल्या एका नावाजलेल्या कॉलेजचं नाव तिने यादीतून स्वतःच खोडलं होतं. म्हणाली, “काकू, तिथलं क्राउड हाय-फाय आहे म्हणतात. मी तिथे काय करू?” कोण म्हणतं, तर मावसभावाचा मित्र. तो कधी तिथे शिकला नव्हता.

आम्ही दोघी एका साध्या मंगळवारी तिथे गेलो. गेट, बाग, जुनी इमारत हे तिने फोनवर बघितलेलंच होतं. तिला मी कार्यालयात नेलं, शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी. महाडीबीटीच्या अर्जात काहीतरी अडलं म्हणून एक मुलगा उभा होता. उत्पन्नाचा दाखला जुना होता. आतल्या बाईंनी आधी “बस रे, पाणी पी” म्हटलं, मग नवा दाखला कधीपर्यंत आणायचा ते कागदावर लिहून दिलं, वर आपला नंबर दिला. मागच्या मुलीलाही नावाने हाक मारली. पंधरा मिनिटं आम्ही तिथे होतो. कॅन्टीनमध्ये मात्र चित्र वेगळं दिसलं. पंख्याखालची टेबलं ठरलेल्या घोळक्यांची, वसतिगृहातल्या मुली भिंतीलगत एकत्र. तेही तिने बघितलं. वाचनालयात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली, उदगीरची. तिला विचारलं, पहिल्या सहामाहीत कोणाशी बोलायचीस? ती म्हणाली, “पहिले दोन महिने कोणाशीच नाही. मग वाङ्मय मंडळाच्या मॅडमनी भित्तिपत्रकाचं काम दिलं.” बार्शीच्या पोरीने यावर आणखी बरंच काही विचारलं. मेसचे पैसे, रात्री किती वाजता दार बंद होतं, इंग्रजीचे तास कसे असतात, प्रश्न चुकला तर सर काय म्हणतात. मी बाजूला बसून होते.

माझ्या इतक्या वर्षांच्या पाहण्यात बाहेरगावच्या मुलाचं कॉलेज टिकतं ते अशा एखाद्या खिडकीमुळे, एखाद्या मॅडममुळे किंवा राहायच्या जागेमुळे. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती सुरू केली. खेड्यातून आलेली मुलं तिथे एकत्र राहिली, कामं वाटून घेतली आणि वेगवेगळ्या ‘हाय-फाय’ कॉलेजांत ताठ मानेने शिकली. कॉलेजने न दिलेला आधार त्यांना वसतिगृहाने दिला. म्हणून मी पालकांना नेहमी सांगते, कॉलेज आणि राहायची जागा एकत्र निवडा. निम्मा दिवस तिथे जातो आणि आजारपण तिथेच निघतं.

आता राज्यभरच्या मुलांसाठी एकच संकेतस्थळ आहे, दहापर्यंत पसंती भरता येतात. औशाची मुलगी मुंबईतलं कॉलेज भरू शकते, गडचिरोलीचा मुलगा पुण्यातलं. ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्या पानावर त्यांना दिसतं काय? शाखा, माध्यम, फी, जागा, मागचा कटऑफ. त्याच पानावर आणखी तीन आकडे छापायला शासनाला काहीच अडचण नाही, कारण ते प्रत्येक कॉलेजच्या कार्यालयात आहेत : गेल्या वर्षी पहिल्या वर्षातून दाखला काढून किती मुलं गेली, त्यात बाहेरगावची किती, आणि शिष्यवृत्तीचे किती अर्ज कॉलेजकडेच अडकून राहिले. हे आकडे मी प्रवेश समितीत असताना मागितले होते. ‘गोपनीय’ असं उत्तर आलं. त्यात गोपनीय काय आहे ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही, आणि या जूनमध्ये ते पुन्हा मागणार आहे.