पट्टा किंचाळतोय, पण दुखणं कुठंय? हैदराबादच्या वाटेवरील ट्रकचालकांनी समजून घ्यावं असं काही

सोलापूर-उमरग्याकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि नांदेड-देगलूरकडून येणारा १६१ हे दोन्ही रस्ते संगारेड्डीला एकत्र येतात. तिथून पुढं पटनचेरू, बाह्यवळण रस्ता आणि मग हैदराबाद. मलकपेठच्या बाजारात उतरणारा कांदा असो की बाटासिंगारमच्या बाजारात जाणारी फळं, सीमाभागातला माल रात्रीतून याच वाटेनं जातो. शहरात जड वाहनांना दिवसा ठरावीक वेळांत बंदी असते, त्यामुळं गाड्या पहाटे रांगेत उभ्या राहतात. इंजिन चालू, दिवे चालू, अन् नेमकं त्याच वेळी बॉनेटखालून ‘चींऽऽ’ असा आवाज सुरू होतो.

हा आवाज बहुतेक वेळा पट्ट्याचा, म्हणजे फॅन बेल्टचा असतो. पण पट्टा ओरडतो म्हणून दोष पट्ट्याचाच असतो असं नाही. नवा पट्टा टाकून दोन दिवसांत तोच आवाज परत आल्याच्या तक्रारी गॅरेजवाल्यांना नेहमीच्याच. कधी बिघाड पुलीत असतो, कधी बेअरिंगमध्ये, तर कधी वरून गळणाऱ्या ऑईलमध्ये. कारण न शोधता पट्टा बदलला की पैसे जातात आणि आवाज राहतो. दुर्लक्ष केलं तर पट्टा घाटात किंवा आडरानात तुटतो आणि माल गाडीतच सडतो.

पट्टा नेमका काय फिरवतो?

इंजिनच्या पुढच्या बाजूला क्रँकशाफ्टची पुली असते. तिच्यावरून पट्टा अल्टरनेटर (जुने चालक अजून डायनामोच म्हणतात) आणि बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप फिरवतो. काही इंजिनांत पंखा आणि एसीचा कॉम्प्रेसरही त्याच किंवा दुसऱ्या पट्ट्यावर असतो. आपल्या गाडीत कोणता पट्टा काय फिरवतो हे चालकाला ठाऊक असायलाच हवं. पाण्याचा पंप ज्या पट्ट्यावर आहे तो तुटला तर इंजिन काही मिनिटांत तापतं आणि हेड गॅस्केट जाण्यापर्यंत वेळ येते.

पट्टे मुख्यतः दोन प्रकारचे. जुन्या गाड्यांत खालून निमुळता असलेला व्ही-बेल्ट, कुठं एकेरी तर कुठं जोडी. नव्या गाड्यांत आतल्या बाजूला बारीक उभ्या धारा असलेला चपटा, रुंद पट्टा. याच्यासोबत स्प्रिंगचा टेन्शनर असतो आणि तो ताण आपोआप धरून ठेवतो. व्ही-बेल्टचा ताण मात्र अल्टरनेटर सरकवून हातानं द्यावा लागतो.

पट्ट्यावरचा भार आता वाढत चालला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. चालकासाठी ही चांगलीच गोष्ट, पण कॉम्प्रेसर फिरवायचं काम शेवटी पट्ट्यालाच करावं लागतं. त्यामुळं पट्ट्याचा आवाज ओळखता येणं आता आणखी गरजेचं झालंय.

आधी आवाज ऐका

तीन वेगळे आवाज असतात.

पहिला, लांबलचक किंचाळी: ‘चींऽऽऽ’. इंजिनचे फेरे वाढवले की ती वाढते. पट्टा पुलीवर घसरतोय, हा तिचा अर्थ.

दुसरा, तुटक चिवचिव: ‘चिक्-चिक्-चिक्’. ठरावीक लयीत, इंजिन सावकाश चालू असताना जास्त ऐकू येते. पुल्या एका रेषेत नसल्या की पट्टा प्रत्येक फेऱ्याला तिरका शिरतो आणि असा आवाज करतो.

तिसरा, घरघर किंवा खरखर. हा पट्ट्याचा नसून बहुधा बेअरिंगचा असतो. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, टेन्शनर किंवा मधली रिकामी फिरणारी पुली, यांपैकी एखादं बेअरिंग कोरडं पडलेलं असतं.

आवाज कधी येतो तेही पाहा

सकाळी स्टार्ट मारल्याबरोबर आवाज आला आणि दोन-तीन मिनिटांत थांबला, तर ताण कमी असण्याची शक्यता मोठी. स्टार्टरनं बॅटरीतली वीज खाल्लेली असते, ती भरून काढायला अल्टरनेटर पूर्ण जोर लावतो. इंजिन सावकाश चालत असताना तो फिरवायला जड जातो. त्यात रबर गार, कडक झालेलं. ढिला पट्टा अशा वेळी घसरतोच. रांगेत उभं राहून हेडलाइट, एसी, पंखा सगळं चालू ठेवलं की हेच होतं.

एसी लावला की आवाज, बंद केला की गप्प, असं असेल तर ज्या पट्ट्यावर कॉम्प्रेसर आहे तिकडं पाहावं. फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर आवाज येत असेल आणि सुकल्यावर जात असेल, तर पट्टा गुळगुळीत झालाय किंवा ताण जेमतेम उरलाय.

इंजिन बंद करून डोळ्यांनी तपासणी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला ओट लावलेली, चावी काढून खिशात. इंजिन थोडं गार होऊ द्यावं. मग बॅटरीच्या उजेडात पट्टा सगळीकडून पाहावा.

- पट्ट्याच्या कडा आरशासारख्या चकाकत असतील तर तो बऱ्याच दिवसांपासून घसरतोय.
- आडव्या भेगा, निघालेले दोरे, तुटलेल्या धारा दिसल्या तर पट्टा बदलायचाच. अलीकडच्या पट्ट्यांचं रबर वेगळं असतं. त्याला भेगा लवकर पडत नाहीत, ते नुसतं झिजतं. म्हणून ‘भेगा नाहीत म्हणजे पट्टा चांगला’ हा जुना हिशेब नव्या पट्ट्याला लागू होत नाही. त्याच्या धारांमधल्या खाचा किती झिजल्या ते पाहावं लागतं.
- पट्टा ओला, चिकट किंवा फुगलेला असेल तर वर पाहावं. ऑईल गळतंय का? कूलंट ठिबकतंय का? गळती बंद केल्याशिवाय नवा पट्टा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.
- व्ही-बेल्ट पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी आवळून बसायला हवा, तळाला टेकायला नको. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा किंवा पुली झिजली आहे. असा पट्टा कितीही ताणला तरी घसरणारच.
- पट्ट्याची एकच कड झिजली असेल तर पुल्यांची रेषा चुकली आहे. सरळ लोखंडी पट्टी किंवा ताणलेली दोरी दोन पुल्यांच्या तोंडाला लावली की फरक दिसतो. नुकताच अल्टरनेटर बदलला असेल, ब्रॅकेटचा बोल्ट ढिला असेल किंवा वॉशर राहून गेलं असेल तर हमखास असं होतं.

पाण्याची परीक्षा

मिस्त्री लोकांची ही सोपी परीक्षा आहे. इंजिन सावकाश चालू ठेवून, लांबून, फवाऱ्याच्या बाटलीनं पट्ट्याच्या आतल्या बाजूला थोडं साधं पाणी मारायचं. अल्टरनेटरवर पाणी जाऊ द्यायचं नाही.

आवाज लगेच थांबला आणि पाणी सुकल्यावर परत आला, तर पुल्यांची रेषा तपासावी. पाण्यानं तिरकं घासणं तेवढ्यापुरतं सुलभ होतं, म्हणून चिवचिव थांबते. उलट आवाज वाढला, तर पट्टा ढिला आहे किंवा टेन्शनर थकलाय. घसरणारा पट्टा ओला झाला की आणखी घसरतो, हे त्याचं साधं कारण. पाण्यानं काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगवर संशय घ्यावा.

ही परीक्षा करताना गळ्यात गमछा, उपरणं नको. बाह्या दुमडलेल्या, हातात कडं-अंगठी नाही. फिरत्या पट्ट्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. चालू इंजिनमध्ये पट्ट्याला बोट, फडकं, पाना काहीही लावायचं नाही. आवाज चार दिवस चालेल, पण गेलेलं बोट परत येत नाही.

पट्टा काढून पाहिल्यावर

तरीही कळलं नाही तर मिस्त्री इंजिन बंद करून पट्टा उतरवतो आणि अर्ध्या मिनिटासाठीच इंजिन चालू करून ऐकतो. पाण्याचा पंप त्या वेळी बंद असतो, म्हणून जास्त वेळ चालवायचं नाही. आवाज गेला तर दोष पट्ट्याच्या वाटेवरच आहे. मग इंजिन बंद करून एकेक पुली हातानं फिरवायची. खरखर लागली, डुगडुगली, अडली, तर ते बेअरिंग गेलं. टेन्शनरचा हात दाबून सोडला की तो दमानं, न अडखळता परत यायला हवा.

ताण किती द्यायचा?

गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच प्रमाण. व्ही-बेल्टसाठी साधा हिशेब असा की दोन पुल्यांमधल्या मोकळ्या अंतराच्या मधोमध दाबल्यावर पट्टा ठरलेल्या मिलिमीटरइतकाच दबला पाहिजे. अनेक गाड्यांत हा आकडा १० ते १५ मिलिमीटरच्या आसपास असतो. कमी ताण दिला तर पट्टा घसरतो आणि जळतो. ‘आवाज नको’ म्हणून तारेसारखा ताणला तर आवाज जातो खरा, पण अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग खातो. तो खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट.

नवा व्ही-बेल्ट टाकल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून ताण पुन्हा पाहावा, कारण नवा पट्टा सुरुवातीला थोडा बसतो. जोडीतला एक तुटला तर दोन्ही बदलावेत. जुना लांबलेला असतो, त्यामुळं सगळा भार नव्यावर येतो आणि तोही लवकर जातो.

साबण, मेण, स्प्रे: नकोच

पट्ट्याला साबण घासणे, मेण लावणे, राळ टाकणे, डब्यातला स्प्रे मारणे हे उपाय रस्त्यावर सर्रास चालतात. आवाज दोन-चार तास थांबतो, कारण मात्र तसंच राहतं. वरून त्या चिकट थरावर धूळ बसते आणि पट्टा-पुली दोन्ही झिजतात. ऑईल किंवा ग्रीस लावणं तर थेट पट्टा मारणं. पट्टा मळला असेल तर उतरवून, साबणाच्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा. ऑईल मुरलं असेल तर बदलावा.

थांबायचं की पुढं जायचं?

स्टार्ट केल्यावर थोडा वेळ किंचाळून गप्प होणारा पट्टा घेऊन मुक्कामापर्यंत जाता येतं, पण पोचल्यावर तपासणी टाळायची नाही. पुढच्यापैकी काहीही दिसलं तर मात्र कडेला थांबावं: चार्जिंगचा दिवा लागला, तापमानाचा काटा वर चढू लागला, जळक्या रबराचा वास आला किंवा पट्ट्याचे दोरे लोंबताना दिसले. काटा चढलेला असताना ‘पटनचेरू जवळच आहे’ म्हणून गाडी रेटली की पट्ट्याच्या खर्चाचं इंजिनच्या खर्चात रूपांतर होतं. लांबच्या फेरीला योग्य मापाचा एक जादा पट्टा आणि तो बसवायला लागणारे पाने गाडीत असलेच पाहिजेत.

मिस्त्रीला काय सांगायचं?

हैदराबादेत ट्रकच्या कामांसाठी विजयवाडा रस्त्यावरचं ऑटोनगर ओळखीचं आहे, तर सुट्या भागांसाठी सिकंदराबादजवळचं राणीगंज. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळं तिथली दख्खनी आपल्याकडच्या चालकांना परकी नाही. अडचण भाषेची नसते, अर्धवट सांगण्याची असते. ‘आवाज आता’ एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजानं पट्टा बदलणार. त्याऐवजी नेमकं सांगावं: ‘भाई, सुबह ठंडे में चिल्लाता, गरम हुए बाद बंद होता’, किंवा ‘एसी डाले तो च आवाज आता’. एवढ्यानं निम्मं निदान होतं.

सुटा भाग घेताना जुना पट्टा सोबत न्यावा आणि त्याच्यावरचा क्रमांक जुळवूनच नवा घ्यावा. एका मापानं लांब पट्टा ‘चालून जाईल’ म्हणून घेतला तर अल्टरनेटर शेवटपर्यंत सरकवूनही ताण येत नाही. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि बिलावर गाडीचे किलोमीटर लिहून घ्यावेत. पुढच्या वेळी पट्टा ओरडला की तो किती चालला हे मालकालाही कळतं आणि चालकावर उगाच बोल येत नाही.