सुतळी, खडू आणि गल्लीतला कडुनिंब

लाइट गेली की आमच्या पांढुर्ण्यात अजूनही एक बरं होतं. पोट्टी आपापल्या खोल्यांतून बाहेर निघून ओट्यावर जमतात आणि माझ्यासारख्याला ऐकणारं कोणीतरी भेटतं. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते, म्हणून कंदील पुसून ठेवलेला असतो. परवा असाच कंदील लावून बसलो होतो, तर नागपूरहून सुट्टीला आलेला नातू वही घेऊन आला. शाळेनं काम दिलेलं, राहता त्या गल्लीतली झाडं मोजा आणि नकाशा काढा. तोंड वेडंवाकडं करून म्हणतो, "आबाजी, झाडं काहून मोजाची? आन् जे लोकं फुकटात मोजतात, त्याईले दुसरं काही काम नाही का?"

प्रश्न काही वाईट नव्हता. आमच्या मुलखात संत्र्याचं झाड मोजायला कोणाला कारण विचारावं लागत नाही. बहार विकायचा म्हटला की व्यापारी येतो, बगीच्याच्या ओळीओळीतून फिरतो, एखाद्या झाडाखाली थांबून वर बघतो, तोंडातल्या तोंडात आकडा पुटपुटतो, आणि आपण चहा पुढे करेपर्यंत सगळ्या बगीच्याचा हिशेब त्याच्या डोक्यात मांडून झालेला असतो. माझे वडील तर रात्री झोप आली नाही की मनातल्या मनात बगीच्यातून फिरत, अमक्या ओळीतलं चौथं झाड डिंकाळलंय, तमक्या ओळीतलं गेल्या साली वाळलं, आणि मोजता मोजता घोरायला लागत. पण ती झाली पैशाची मोजणी. सडकेवरच्या कडुनिंबाला ना बहार विकायचा, ना खसऱ्यात त्याचं नाव. त्याला कोण मोजणार?

तर ऐक, म्हटलं. अमेरिकेत न्यू यॉर्क नावाचं शहर आहे, ज्याच्या इमारतींकडे पाहताना टोपी पडावी. तिथं १९९५ पासून दर दहा वर्षांनी सडकेवरची झाडं मोजतात. पहिल्या खेपेला सातशेवर लोक आपणहून आले, दुसऱ्या खेपेला हजारावर, आणि २०१५ साली बावीसशेवर. त्या वर्षी सगळ्यांची मिळून मोजणी भरली ६,६६,१३४ झाडांची. आणि गंमत अशी की मोबाइलमध्ये उपग्रहाकडून जागा सांगणारी सोय असूनही त्या लोकांच्या हातात काय होतं, तर दांडी लावलेलं एक चाक! उंच इमारतींच्या घळीत उपग्रहाचा अंदाज चुकतो, झाड सडकेच्या या बाजूचं त्या बाजूला दाखवतो, म्हणून चौकाच्या कोपऱ्यापासून चाक लोटत निघायचं, झाड आलं की किती फूट झाले ते लिहायचं, आणि पुढे चालायचं. आम्ही लहानपणी सायकलची रिम काडीनं पिटाळत जाम नदीपर्यंत जायचो आणि घरी आलो की पाठीवर बसायची. तेच काम तिकडे बँकेतले साहेब, शिक्षिका, रिटायर झालेले म्हातारे करत होते आणि लोक त्यांना शाबासकी देत होते. नशीब असतं एकेकाचं.

मग तिथल्या संशोधकांना तुझ्यासारखाच प्रश्न पडला, की हे लोक येतात तरी काहून. त्यांनी विचारून पाहिलं. कोणी म्हणे झाडं आवडतात, कोणी म्हणे रोज ज्याच्याखालून जातो त्याचं नाव माहीत नाही याची लाज वाटत होती, कोणाला शहराच्या कामी यायचं होतं, कोणाला चार माणसांत मिसळायचं होतं. माझं विचारशील तर ही सगळी घरातून निघण्याची कारणं. तिसऱ्या झाडानंतरही माणूस घरी जात नाही, त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते सुतळीत आहे.

"सुतळीत?"

सुतळीत. झाड मोजायचं म्हणजे त्याचा घेर मोजायचा, जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीला. बुंधा खाली पसरलेला असतो म्हणून तिथं मोजत नाहीत, आणि वर मोजायला शिडी कोण आणणार. आता तूच सांग, चांगल्या जाड झाडाभोवती छातीच्या उंचीवर सुतळी फिरवायची म्हणजे काय करावं लागतं? गाल सालीला लावावा लागतो. एक हात इकडून, एक तिकडून. अशा वेळी नाकासमोर जे दिसतं ते सडकेवरून आयुष्यभर दिसत नाही. मुंगळ्यांची एक ओळ वर जाते, एक खाली येते, सालीच्या भेगेत कोळ्यानं पांढरी गादी घातलेली असते, खारीनं काहीतरी कोंबून ठेवलेलं असतं आणि ती वरून शिव्या देत असते.

मग दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही सुतळी, खडू आणि शिंप्याची टेप घेऊन दारासमोरच्या कडुनिंबापाशी गेलो. घेर लिहिला. दुपारी जेवून पुन्हा मोजला, तर पोरगं ओरडलं, "आबाजी, झाड बारीक झालं!" टेप बोटभर वर सरकली होती, दुसरं काही नाही. मी हसलो, आणि मग हसता हसता थांबलो, कारण पोरगं चुकून खरं बोललं होतं. झाड दुपारी खरंच बारीक होतं. पानांतून पाण्याची वाफ जाते, ती ओढ थेट मुळापर्यंत पोचते आणि पाणी वर चढतं. पण ऊन कडक झालं की वरचा खर्च खालच्या आवकेपेक्षा वाढतो, मग झाड सालीत आणि खोडात साठवलेलं पाणी काढून वापरतं, आणि खोड जरासं आवळतं. रात्री पानांची बारीक भोकं मिटतात, मुळं मात्र पाणी भरतच असतात, आणि पहाटेपर्यंत झाड पुन्हा टम्म. माणसानं जेवणावळीत बसून उठावं आणि करदोडा काचावा तसं. फरक असतो केसाएवढा, मिलिमीटरच्याही काही भागाएवढा, तो आपल्या टेपला काय दिसणार. त्यासाठी खोडाला कायमची पट्टी बांधून तिला नाजूक यंत्र लावतात. पण आपण उभं समजतो ते झाड रोज एकदा असं आकसतं आणि एकदा फुगतं, हे कळल्यावर त्या कडुनिंबाशेजारी स्कूटर टेकवताना हात जरा सावकाश होतो.

पुढे गेलो तर भांडण लागलं. जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवलेला, हातभर उंच. मोजायचा की नाही? पाखरानं कुठंतरी पिंपळाचं फळ खाल्लं, इथं बसून शिट टाकली, आणि त्या मोहरीहूनही बारीक बियातून हे बाळ विटांच्या फटीत मुळं घालून बसलं. माती नाही, खत नाही, पाण्याचं कोणी विचारलं नाही. याचाच एखादा भाऊबंद सौसरकडे जामसावळीला आहे, ज्याच्याखाली हनुमानजी आडवे पहुडलेले आहेत. त्याला विसरायची कोणाची छाती नाही. यानं मात्र भिंत धरली म्हणून आज ना उद्या कोणीतरी चाकू घेऊन येणार. आम्ही त्याला लिहिला. वडाशी तर त्याहून घोळ. एका वडाच्या पारंब्या जमिनीत उतरून त्यांचे खांब झालेले, पोरानं नऊ झाडं लिहिली, मी म्हटलं एक, तो म्हणे मग घेर कोणाचा घ्यायचा? वेताळाचा प्रश्न आहे हा, शहाणी माणसंही डोकं खाजवतात.

या गावात एका झाडाचा हिशेब मात्र सगळ्यांना पाठ असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात, झेंडा बांधतात, अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव, आणि मग गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक. ती बरी की वाईट, तो वाद कंदिलाच्या उजेडात नको. डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. पण त्या दिवशी हजारो डोळे एका पळसावर खिळलेले असतात, आणि त्याच लोकांना उद्या विचारा की स्टेशनच्या वाटेवर पळस किती, तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. मीही बघेन.

मोजायचा हुकूमही कुठे आहे, कुठे नाही. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानं शहरांना दर पाच वर्षांनी झाडं मोजायला सांगितलंय. नागपूरनं २०११ साली मोजली, ती २१ लाख ४३ हजारांच्या घरात भरली. पण तो कायदा सीमेपलीकडचा. १९५६ साली राज्यं आखताना आम्ही मराठी बोलत बोलत मध्य प्रदेशात राहिलो, आता २०२३ पासून आमचा वेगळा जिल्हाही झाला, आणि कडुनिंब दोन्हीकडे सारखाच कडू. हुकमानं होणारी मोजणी वेगळी आणि हौसेची वेगळी. दिल्लीत सर्वोदय एन्क्लेव्हच्या रहिवाशांनी आपल्याच गल्ल्यांतली झाडं मोजायला घेतली, तर कितीतरी झाडांचा गळा सिमेंटनं आवळलेला दिसला. रोज त्याच फरशीवरून चालत होते की! पुढे २०१३ साली हरित न्यायाधिकरणानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं मीटरभर सिमेंट काढायला लावलं. केरळात शाळेची पोरं एकेक झाड धरून दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं लिहितात, आणि विशूच्या सणाला लागणारा बहावा सणाच्या किती आधी फुलून बसतो ते त्यांच्या वह्यांत सापडतं.

हे सगळं मी त्या रात्री पुन्हा कंदिलापाशी सांगत होतो आणि पोरगं नकाशात खडूचे ठिपके देत होतं. तोवर लाइट कधीच आली होती, पण उठलं कोणी नाही.

चौथ्या दिवशी आमच्या शेजारच्या वहिनी दारात उभ्या. सडकेवरचा कडुनिंब पानं गाळतो म्हणून त्या वर्षानुवर्षं झाडू आपटत त्याला बोलतात, तोडून टाका म्हणतात, सगळ्या गल्लीला पाठ आहे.

"भाऊजी, पोट्ट्यानं माह्या झाडाचं किती लिहिलं?"

मी वही काढून सांगितलं, पाच फूट सात इंच.

"बस इतकंच? नाही न बापा. नीट नसन मोजलं," म्हणाल्या, आणि पदर खोचून टेपचं एक टोक धरून स्वतःच झाडाला बिलगल्या. पोरगं दुसरं टोक घेऊन पलीकडून फिरलं. पाच फूट सातच भरलं. वहिनींनी टेप सोडली नाही. "उद्या सकाळी ये रे," पोराला म्हणाल्या, "सकाळचं जास्त भरते म्हणे."