सेन्सर बदलण्याआधी लेन्स बदला

संध्याकाळी घरात वाढदिवस, वर ट्यूबलाइट. हातात क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली 18-55 मिमीची किट लेन्स. केक कापणाऱ्या मुलाचा चेहरा जवळून टिपायला झूम 55 वर नेला, की अ‍ॅपर्चर एफ/5.6 पेक्षा जास्त उघडत नाही. हात हलून फोटो बिघडू नये म्हणून शटर 1/125 सेकंदावर ठेवावा, तर आयएसओ 6400 वर जातो आणि मुलाच्या गालांवर रंगीत रवा सांडल्यासारखा दिसतो. मग घरात ठरतं, आता फुल फ्रेम घ्यायचाच.

फायदा होईल, पण किती?

फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिमीचा, म्हणजे 864 चौरस मिमी. निकॉन, सोनी, फुजीचा क्रॉप सेन्सर साधारण 23.5 बाय 15.6 मिमी, म्हणजे 367 चौरस मिमीच्या आसपास. त्याच एक्स्पोजरला मोठ्या सेन्सरवर सव्वादोन पटींहून थोडा अधिक प्रकाश जमा होतो. फोटोतला 'रवा' मुख्यतः या जमा प्रकाशावर ठरतो, कारण फोटॉन एकसारख्या गतीने येत नाहीत. सरासरी शंभर फोटॉन पडले तर मोजणीत दहाएक इकडेतिकडे होतात, म्हणजे दहा टक्के. दहा हजार पडले तर फरक शंभराचा, जेमतेम एक टक्का. सेन्सर कितीही निर्दोष बनवला तरी हा चढउतार टळत नाही.

आता तोच जुना कॅमेरा ठेवून 50 मिमी एफ/1.8 ची लेन्स लावून पाहा. अ‍ॅपर्चरच्या आकड्याचा परिणाम वर्गात मोजला जातो, त्यामुळे एफ/5.6 च्या तुलनेत साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत येतो. आयएसओ 6400 वरून साडेसहाशेच्या आसपास उतरतो. ही लेन्स फुल फ्रेम बॉडीच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळते. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: फोकस नेमका डोळ्यांवर हवा, नाहीतर चेहरा जवळ असताना कान आणि केस धूसर होतात.

मेगापिक्सेलचं गणित त्याहून सोपं. ए4 आकाराच्या, 300 डीपीआयच्या प्रिंटला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. फोरके टीव्हीवर तर 8.3 च दिसतात.

फोनचा सेन्सर फारच लहान. ती उणीव तो अनेक फ्रेम एकत्र करून भरून काढतो. गुगल पिक्सेलचा 'नाइट साइट' 2018 मध्ये आला तो याच युक्तीवर. दीपमाळेचा फोटो त्यात देखणा येतो. फुगडी घालणाऱ्या बायका मात्र फरफटलेल्या दिसू शकतात, कारण एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत त्या जागा बदलतात.

मोठ्या सेन्सरचे पैसे खरोखर वसूल होतात ते जिथे प्रकाश आपल्या हातात नसतो तिथे: मंद उजेडातलं नाटक, आकाशगंगा, पहाटेचे पक्षी. पक्ष्यांसाठी लागणाऱ्या लांब पल्ल्याच्या, मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्स लाखांच्या घरात जातात. तिथे 'लेन्स बदला' हा सल्ला सहज देता येत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी गेल्या वर्षभरातले आवडते फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत आयएसओ किती नोंदलाय ते बघा. बहुतेक फोटो 800 च्या खाली असतील, तर नव्या सेन्सरचा फरक ए4 प्रिंटवर शोधूनही सापडणं कठीण. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडूनही आकडा सतत 3200 च्या वर जात असेल, तर फुल फ्रेम बेलाशक घ्या.