पिवळ्या झाकणाची नळी

सकाळचे साडेसात. साताऱ्यातल्या या लॅबच्या बाकावर उपाशीपोटी आलेली मंडळी ताटकळत बसली आहेत. वहिनी मात्र पोहे खाऊन आल्यात. थायरॉइडच्या अँटी-टीपीओ तपासणीला उपाशी राहावं लागत नाही.

टेक्निशियन ताई चिठ्ठी वाचतात: टीएसएच, फ्री टी-फोर, अँटी-टीपीओ. दंडाला रबरी पट्टा आवळता आवळता विचारतात, "केसांसाठी काही गोळ्या चालू आहेत?"

वहिनी चपापतात. केस गळायला लागल्यापासून त्या बायोटिन घेतात. ते औषध आहे हे त्यांच्या गावीही नाही.

"शेवटची कधी घेतली?"

"आत्ताच, निघताना."

ताई पट्टा सोडतात. "गोळी बंद ठेवा आणि तीन दिवसांनी या."

वहिनींचं तोंड उतरतं, पण ताईंचं बरोबर आहे. इथल्या यंत्राच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तातही ते भरपूर असलं, तर टीएसएच खोटाच कमी आणि फ्री टी-फोर, अँटी-टीपीओ खोटेच जास्त दिसू शकतात. म्हणजे थायरॉइड मंदावलेल्या बाईच्या रिपोर्टवर नेमका उलटा आजार छापून यायचा! केस गळतात म्हणून गोळी, आणि केस का गळतात ते शोधायला त्याच गोळीची आडकाठी.

पुढच्या मुलीचं रक्त पिवळ्या झाकणाच्या नळीत उतरतं. अर्धा तास ते गोठू देतात, मग सेंट्रिफ्यूजची घरघर. नळी बाहेर येते तेव्हा तळाशी लाल गोळा, मधे जेलचा थर आणि वर फिकट पिवळं सीरम. थायरॉइडच्याच एन्झाइमवर उठलेली प्रतिपिंडं, म्हणजेच अँटी-टीपीओ, असली तर या पिवळ्या थरात. 1956 साली लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि सहकाऱ्यांनी हाशिमोटो या थायरॉइडच्या आजाराच्या रुग्णांचं सीरम थायरॉइडच्या अर्कासमोर आणलं, तेव्हा डोळ्यांना दिसेल असा साका धरला होता. इथे दिसत काहीच नाही. यंत्र आतल्या आत प्रकाश मोजतं आणि आकडा देतं.

काउंटरवर एक काकू जुनी फाइल उघडून उभ्या आहेत. "मागच्या वर्षी अँटी-टीपीओ सहाशेच्या वर होतं. उतरलं का बघायचंय."

पॅथॉलॉजिस्ट मॅडम चिठ्ठी उलटसुलट पाहतात. "डॉक्टरांनी फक्त टीएसएच लिहिलाय, काकू. आजार कशामुळे आहे ते तेव्हाच कळलं. गोळीचा डोस टीएसएचवर ठरतो, या आकड्यावर नाही."

"पण करून टाकलं तर?"

"तर तुमचे पैसे जातील."

काकू पर्समधून काढलेल्या नोटांपैकी दोन परत आत ठेवतात.