कोनाड्यातली कपबशी

सांगोल्यासारख्या बाजाराच्या गावी जनावरांचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा आणि पक्का व्हायचा तो हॉटेलातल्या चहावर. लाकडी बाकडी, धगधगती भट्टी, बरण्यांतली शेव, परातीत भज्यांचा ढीग, गल्ल्यावर मालक आणि त्याच्या हाताशी उधारीची वही. अशा हॉटेलांच्या आठवणी आपण फार प्रेमाने लिहितो. त्यांत भज्यांचा वास हमखास असतो, पण बाहेरच्या कोनाड्यातली कपबशी क्वचितच असते.

ती दलितांसाठी वेगळी ठेवलेली असे. चहा वरून ओतला जाई. तो बाहेर उकिडवं बसून प्यायचा, कपबशी स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायची. पैसे मात्र सगळ्यांइतकेच.

पाणवठा जुना होता, त्याचे नियमही जुने. चहा तर अगदी अलीकडचा. १९३०च्या दशकात टी मार्केट एक्स्पान्शन बोर्डाची माणसं त्याचा प्रचार करत हिंडत होती. पुढे सीटीसी पत्ती आली. चिमूटभर भुकटीत दूध-साखरेला पुरून उरणारा रंग आणि कडकपणा मिळू लागला, कप स्वस्तात निघू लागला. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. गाड्या तालुक्यांत पोचल्या, तशी स्टँडसमोर हॉटेलं वाढली. या नव्या पेयाला ना शास्त्र होतं ना रूढी, तरी पाणवठ्याची शिवाशिव सरळ कपबशीत उतरली.

ती मोडायचा प्रयत्न फार आधी, कोल्हापुरात झाला होता. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली. हॉटेलचं नाव ‘सत्यसुधारक’. नुसती मदत करून महाराज थांबले नाहीत. ते तिथे जाऊन चहा पीत, बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजाने प्यायलेला चहा नाकारायचा कसा? मला हे पाऊल कित्येक हुकुमांपेक्षा मोठं वाटतं.

संविधानाच्या १५व्या कलमात उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने असा भेदभाव हा गुन्हा ठरला. कोनाडे मात्र लगेच रिकामे झाले नाहीत. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) वेगळ्या कपबशीविरुद्ध पोलिसांत जाणारी मुलं भेटतात. त्या कपांतून चहा प्यालेली माणसं आजही खेड्यापाड्यांत आहेत. हॉटेलमालकांच्या नातवंडांना आपण भट्टीच्या गोष्टी विचारतो, तशा या माणसांनाही विचारायला हव्यात, आणि लवकर.

बायकांचं काय? बाजारात डोक्यावर पाटी घेऊन आलेली बाई हॉटेलात बसल्याचं सहसा दिसत नसे. पुढे कुठे ‘फॅमिली रूम’ झाली, तिलाही पडदा असे.

आणि फडका मारणारा पोऱ्या. १० ऑक्टोबर २००६पासून हॉटेल-ढाब्यांत १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली. तोवर शाळेच्या वेळात तो कप विसळत होता, आणि गिऱ्हाइकं त्याला ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारत होती.