चला, फुलांचं घड्याळ लावू या!

बालमित्रांनो, 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार तुम्ही मराठीच्या तासाला नक्की शिकला असाल. मुद्दाम वेड्याचं सोंग घ्यायचं आणि आपलं काम साधून घ्यायचं, असा त्याचा अर्थ. हा वाक्प्रचार ज्या पेडगावाशी जोडतात ते भीमेच्या काठचं, बहादूरगड किल्ल्याचं पेडगाव. ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे. आपण आज जाणार आहोत ते पेडगाव वेगळं. ते परभणी जिल्ह्यातलं! परभणीहून मनमाडकडे रेल्वेनं निघालं की थोड्याच वेळात हे स्टेशन येतं. आजूबाजूला काळीभोर जमीन, आणि तिच्यात कापूस, तूर, सोयाबीन.

समजा, तुम्ही या पेडगावात राहता. घरामागे थोडी मोकळी जागा आहे आणि तुमच्या मनात आलं, इथं फुलबाग करावी. घरात बोललात, की आजी काय म्हणेल? "प्यायच्या पाण्याची मारामार, अन् फुलं कुठली लावतोस बाबा?"

आजीचं ऐकून रुसू नका. तिचा प्रश्न अगदी खरा आहे. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेगाडीनं पाणी आणावं लागलं होतं. जिथं घागरीचा हिशेब ठेवावा लागतो, तिथं फुलझाडांना मनमानी पाणी घालणं बरं नव्हे. म्हणून आपण अशी बाग आखू, की आजीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. आणि ती बाग साधीसुधी नसेल, ती वेळ सांगेल!

लिनियसची गंमत

फुलं वेळ सांगतात? हो तर! कार्ल लिनियस हे नाव मोठ्या वर्गातल्या मुलांनी ऐकलं असेल. वनस्पतींना आणि प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणारा हा स्वीडनचा शास्त्रज्ञ. त्याच्या लक्षात आलं, की काही फुलं रोज ठरावीक वेळेला उमलतात आणि ठरावीक वेळेला मिटतात. १७५१ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं अशा फुलांची वेळांसह यादीच दिली. कोणतं फूल उघडं आहे ते पाहायचं आणि किती वाजले ते सांगायचं, अशी ही कल्पना.

पुढे युरोपात काही बागांमध्ये असं घड्याळ लावायचे प्रयत्न झाले. पण ते बरोबर चालेनात. का बरं? लिनियसनं नोंदी केल्या त्या उप्सालाच्या. ते गाव पार उत्तरेकडे, साठाव्या अक्षांशाजवळ. तिथं ऐन उन्हाळ्यात पहाटे चारच्या आधीच सूर्य उगवतो. आपलं पेडगाव एकोणिसाव्या अक्षांशाजवळ. इथं जूनमध्ये सूर्य उगवतो पावणेसहाच्या सुमारास, तर जानेवारीत सात वाजायला येतात. मग उप्सालाचं घड्याळ पेडगावात कसं चालेल? गाव बदललं, ऋतू बदलला, आभाळ भरून आलं, की फुलांच्या वेळा मागेपुढे होतात. म्हणून आपलं घड्याळ आपणच लावायचं.

फुलाला वेळ कळते कशी?

१७२९ साली द मेरां नावाच्या एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं एक गमतीदार प्रयोग केला. दिवसा पानं उघडणारं आणि रात्री मिटणारं एक झाड (ते बहुधा आपलं लाजाळूच) त्यानं अंधारात ठेवलं. ऊन दिसत नव्हतं, तरी सकाळ झाली की पानं उघडत आणि रात्री मिटत! याचा अर्थ, झाडाच्या आतच एक घड्याळ असतं. रोजचा उजेड आणि अंधार ते घड्याळ बरोबर लावून ठेवतात, एवढंच.

आणि हे सगळं कशासाठी? पाहुण्यांसाठी! फुलाला परागकण इकडून तिकडे नेणारा कुणीतरी हवा असतो. ज्याचा पाहुणा दिवसा येतो ते फूल दिवसा उमलतं. ज्याचा पाहुणा म्हणजे रात्री उडणारा पतंग, ते संध्याकाळी उमलतं. निशिगंधासारखी रात्रीची फुलं पाहा. पांढरी आणि घमघमीत! अंधारात लाल रंग कोणाला दिसणार? पांढरा दिसतो, आणि वास तर लांबूनच पत्ता सांगतो.

आधी कागदावर, मग मातीत

आता कंपासपेटी काढा. बाग आधी वहीत आखायची. दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन येईल अशी जागा निवडा. मध्यभागी एक खुंटी ठोका. तिला तीन फुटांची सुतळी बांधा आणि दुसऱ्या टोकाला काडी बांधून जमिनीवर वर्तुळ काढा. तीनच फूट का? त्याहून मोठं केलं तर तण काढताना मधल्या रोपांपर्यंत हात पोचत नाही. मग पाय आत पडतो, आणि ओली काळी माती तुडवली की ती दगडासारखी घट्ट होते. मध्यावर एक फरशी ठेवा. पाय ठेवायचाच झाला तर तिच्यावर.

आता भूमितीची करामत. तीच तीन फुटांची सुतळी वर्तुळाच्या कडेवर एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत ताणत जा. ती बरोबर सहा वेळा बसेल! त्रिज्येएवढी जीवा वर्तुळात सहा वेळा बसते, हे तुम्ही वहीत केलेलं आहेच. पहिली खूण नेमकी पूर्वेला करा, म्हणजे एक कप्पा बरोबर दक्षिणेला येईल. दिशा कशी ओळखायची? सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहा. उजवा हात दक्षिण, डावा उत्तर.

दक्षिणेचा कप्पा महत्त्वाचा. साधारण मध्य मे ते जुलैअखेर एवढा काळ सोडला, तर पेडगावात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेला उंच झाड लावलं तर मागच्यांवर सावली पडेल. म्हणून तिथं सगळ्यात बुटकं रोप. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं असे चला :

१. दक्षिणेला ऑफिस टाइम, म्हणजेच चिनी गुलाब. ऊन वर आलं की नऊ-दहाच्या सुमारास उमलतो, दुपार कलली की मिटतो. नावच सांगतं ना! बोटभर फांद्या खोचल्या तरी लागतात. आठ-दहा खोचा.

२. पुढच्या कप्प्यात दुपारी. हे आपल्याकडचं लाल फूल बाराच्या आसपास उमलतं. तीन रोपं पुरेत. बी दुकानात मिळालं नाही तर शेजारीपाजारी विचारा.

३. मग गुलबक्षी. ही चार-पाचला उमलते. इंग्रजीत तिचं नावच 'चार वाजता' अशा अर्थाचं आहे. ती चांगली पसरते, म्हणून दोनच रोपं.

४. उत्तरेला मोगरा, एकच झुडूप. कळ्या संध्याकाळनंतर फुलू लागतात.

५. मग निशिगंध. सहा-आठ कंद लावा. रात्री त्याचा दरवळ सगळ्यात जास्त.

६. आणि शेवटी पहाटेची गणेशवेल. लाल चांदण्यांसारखी फुलं सकाळी उमलतात, दुपारपर्यंत मिटू लागतात. तिला दोन फुटांच्या काटक्यांवर चढवा. पानं इतकी बारीक, की सावली विरळच पडते.

गणेशवेलीच्या शेजारी पुन्हा ऑफिस टाइम. झालं वर्तुळ पुरं!

एक गंमत पाहिलीत? यातली ऑफिस टाइम, गुलबक्षी, निशिगंध आणि गणेशवेल ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. मोगरा आणि दुपारी तेवढे आपल्या बाजूचे. पण आज कोण त्यांना परकं म्हणेल?

झेंडू कुठं गेला म्हणता? तो या घड्याळात बसत नाही. एकदा उमलला की कितीतरी दिवस तसाच उघडा! त्याला वर्तुळाच्या बाहेर एक रांग द्या. दसऱ्याला फुलं हवीत तर साधारण तीन महिने आधी बी टाकावं लागतं. म्हणजे दसऱ्याची तारीख पाहायची आणि कॅलेंडरची पानं उलटी मोजायची.

काळ्या मातीचा स्वभाव

पेडगावची माती कापसासाठी नावाजलेली, पण फुलबागेसाठी जरा हट्टी. पाणी मिळालं की ती फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि रोपं पिवळी पडून मरतात. उन्हाळ्यात तीच माती आकसते. मग अशा भेगा पडतात की नाजूक मुळं तुटूनच जातात.

उपाय शेतकऱ्यांना ठाऊक आहे : गादीवाफा. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करायचा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जातं. चांगलं कुजलेलं शेणखत दोन-तीन घमेली मिसळायचं, म्हणजे माती मोकळी होते. वर पाचोळा किंवा सोयाबीनचा भुसा अंथरायचा, म्हणजे ओल टिकते आणि भेगा कमी पडतात. हे काम मे महिन्यात सुट्टीत करा. कुदळीचं काम मात्र बाबांना किंवा दादाला सोबत घेऊनच. परभणीला १९७२ साली १८ मे रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झालं. ती तारीख लक्षात ठेवा आणि त्या आठवड्यात वाफा तयार करून टाका!

आजीच्या प्रश्नाचं उत्तर

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा पाहू. तीन फूट म्हणजे सुमारे ०.९१ मीटर. क्षेत्रफळ येईल सुमारे २.६ चौरस मीटर. एखाद्या दिवशी २० मिलिमीटर पाऊस झाला तर वाफ्यावर किती पाणी पडलं? ५२ लिटर! पंधरा लिटरच्या जवळजवळ साडेतीन बादल्या, त्याही फुकट.

मराठवाड्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणून बी जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस झाल्यावर टाकायचं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाग बहरेल. मध्ये पावसानं दडी मारली, तर तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी आहेच. ते एका बादलीत साठवा आणि संध्याकाळी रोपांच्या बुंध्याशी घाला. साबणाचं पाणी नको.

उन्हाळ्यात काय? तोवर गणेशवेल, दुपारी बी देऊन संपलेल्या असतात. ऑफिस टाइमच्या चार काड्या एका कुंडीत सावलीला जगवा. गुलबक्षीची जाड मुळं आणि निशिगंधाचे कंद मातीत झोप घेतात. जागा राहतो तो मोगरा, कारण त्याचा मोठा बहर उन्हाळ्यातच असतो. त्या एका झुडपाला धुण्या-विसळण्यातलं पाणी पुरतं. म्हणजे आजीच्या घागरीला हात न लावता बाग होते! फुलझाडं दुष्काळाची वैरी नव्हेत, ती कधी आणि कुठली लावायची हे मात्र कळायला हवं.

एक महत्त्वाची सूचना : गुलबक्षीच्या काळ्या बिया मिरीसारख्या दिसतात. त्या आणि गणेशवेलीच्याही बिया विषारी असतात. तोंडात घालू नका, आणि लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. पालकांनी इकडे लक्ष ठेवावं.

घड्याळ लावायची वही

बाग फुलली म्हणजे घड्याळ लागलं असं नाही. ते अजून लावायचं आहे! एक वही करा. पानावर रकाने आखा : तारीख, आभाळ (ऊन की ढग), फुलाचं नाव, उमलल्याची वेळ, मिटल्याची वेळ. दहा दिवस न चुकता लिहा. शाळेच्या वेळेतल्या नोंदी घरी असणाऱ्या आजीकडून घ्या. ढगाळ दिवशी ऑफिस टाइम सुट्टीवर जातो का? गुलबक्षी ढग आले की सकाळी उशिरापर्यंत उघडी राहते का? दहा दिवसांनी प्रत्येक फुलाची सरासरी वेळ काढा आणि एका पाटीवर रंगवून त्या कप्प्यात रोवा.

तुमच्या वेळा आणि परभणीच्या मित्राच्या वेळा जुळतील कदाचित. मुंबईच्या मामेभावाच्या जुळतीलच असं नाही. त्यात चूक कोणाचीच नसेल. लिनियसनं उप्सालाचं टिपलं, तुम्ही पेडगावचं टिपाल.

आणि मग एखाद्या संध्याकाळी तुम्ही अभ्यासाला बसलेले असाल, तेव्हा ओट्यावरून आजीची हाक येईल, "अरे, गुलबक्षी उमलली की! चहा टाकायची वेळ झाली." त्या दिवशी समजा, घड्याळ बरोबर लागलं. पेडगावला जायला आता वेडाचं सोंग घ्यायला नको. फुलांचं खरंखुरं वेड पुरे!